आईचं आतलं रेडिएशन : लघवीची पिशवी आणि आतडं कसं सांभाळतात?

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज टू-बी. बाहेरून पंचवीस लाईट आणि आठवड्याला एक अशा पाच केमो झाल्या. आता पुढच्या मंगळवारपासून 'आतून लाईट' चार वेळा देणार आहेत. आमच्या गावातल्या एका काकूंना असंच आतून दिलं होतं. वर्षभरानं त्यांना शौचातून रक्त जायला लागलं, मग लघवी सतत गळायला लागली. ते बघून आई हटून बसली आहे, 'आतून नको, हवं तर बाहेरून आणखी दहा द्या.' आतून देताना लघवीची पिशवी आणि आतडं भाजू नये म्हणून डॉक्टर नेमकं काय करतात? आमच्या हातात काही आहे का? आणि घरी आल्यावर नातवाला तिच्याजवळ झोपू द्यायचं का?
— एक लेक, कराड

उत्तर : ताई, आधी आईंचा हट्ट घेऊ, कारण मंगळवार जवळ आला आहे. आतलं रेडिएशन म्हणजे ब्रेकीथेरपी. ती वगळून बाहेरून दहा वाढवले तर आतडं काही वाचत नाही, वाचतो तो कॅन्सर. कसा, ते आकड्यांत बघा.

बाहेरून दिलेले किरण अंगातून आरपार जातात आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक अवयवाला आपला वाटा देत जातात. आईंच्या फाइलवर पंचवीस दिवसांचे ४५ ग्रे लिहिलेले असतील (काही ठिकाणी ५० देतात). ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप. गाठीला ४५ मिळाले तेव्हा तिला चिकटून असलेल्या मूत्राशयाला आणि गुदाशयालाही (आतड्याचं शेवटचं टोक) जवळपास तेवढेच मिळाले. त्यावर दिवसाला २ ग्रेप्रमाणे आणखी दहा दिले, तर गाठीची बेरीज होते सुमारे ६४ आणि गुदाशयाची सुमारे ६३. ही गाठ मुळापासून जायला मात्र साधारण ८५ ग्रे लागतात. नव्या यंत्रांनी बाहेरच्या किरणांनाही थोडं वळण देता येतं, पण ८५ पर्यंत सुखरूप पोचता येत नाही. ब्रेकीथेरपीत गाठीला ७ ग्रेचे चार डोस दिले की तिची बेरीज ८४ होते (ही साधी बेरीज नाही, मोठ्या डोसाचा मार जास्त धरतात; ते पुढे सांगतो), आणि काम नीट झालं तर गुदाशय ६५ च्या आसपास थांबतो. म्हणजे आतड्याला जवळपास तेवढंच सोसावं लागतं, पण गाठीवर वीस ग्रे जास्त पडतात. हे वीस ग्रे बरं होण्या-न होण्याचे आहेत. अमेरिकेत १९८८ मध्ये अशा रुग्णांपैकी ८३ टक्के बायकांना ब्रेकीथेरपी मिळत होती, २००९ पर्यंत ते प्रमाण ५८ टक्क्यांवर घसरलं. आणि ज्यांना ती मिळाली त्या जास्त संख्येनं जगल्या, हेही त्याच नोंदींत दिसलं. आईंना हे आमच्या वतीनं सांगा. पुढे ढकलणंही नको. बाहेरचा पहिला लाईट सुरू झाला त्या दिवसापासून आतला शेवटचा संपेपर्यंत सगळं ५६ दिवसांत व्हायला हवं. त्यापुढे जाणारा प्रत्येक दिवस गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्ध्या ते एका टक्क्यानं कमी करतो. कॅलेंडर काढा आणि मोजा.

आता काकूंचं. त्यांची फाइल पाहिल्याशिवाय कारण सांगता येणार नाही, आणि तुम्हीही आईंसमोर ते ठरवून टाकू नका. कधी गाठच मूत्राशयाच्या भिंतीत शिरलेली असते. उपचारानं ती विरघळली की जिथे गाठ होती तिथे भोक उरतं. कधी डोस जास्त झालेला असतो. कधी नंतर कुणीतरी त्या नाजूक जागेचा तुकडा तपासायला काढतो आणि ती जखम भरत नाही. या तिसऱ्या कारणाकडे शेवटी परत येऊ.

'भाजणं' हा शब्द मात्र आईंच्या मनातून काढा. डोस चालू असताना चटका बसत नाही, ऊब लागत नाही, काहीच कळत नाही. किरणांनी इजा होते ती भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना. त्या हळूहळू आक्रसतात, भिंत पातळ आणि कोरडी होते, वर जाळीदार नव्या नाजूक वाहिन्या येतात आणि त्यांतून रक्त येतं. म्हणूनच त्रास सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी दोन वर्षांनी दिसतो. आणि म्हणूनच तो टाळण्याचं सगळं काम डोस देण्याच्या दिवशी, डोस देण्याआधीच व्हावं लागतं.

ते काम एका शब्दात सांगायचं तर अंतराचं आहे. गर्भपिशवीच्या तोंडासमोर लघवीची पिशवी, पाठीमागे गुदाशय, वरून सिग्मॉइड नावाचा मोठ्या आतड्याचा वेटोळा आणि लहान आतडं, अशी दाटीवाटी तिथे असते. इरिडियम या किरण सोडणाऱ्या धातूचा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान तुकडा तारेच्या टोकाला बसवून आत नेतात. त्याचा जोर अंतराच्या वर्गानं उतरतो : अंतर दुप्पट, डोस चौथाई. गुदाशयाची भिंत त्या दाण्यापासून २० मिलिमीटरवर असेल आणि तुम्ही तिला ५ मिलिमीटर मागे सारलंत, तर त्या जागेचा डोस १०० वरून ६४ वर येतो. प्रत्यक्षात दाणा अनेक जागी थांबतो, त्यामुळे घट थोडी कमी असते, पण पाच मिलिमीटरची किंमत तुमच्या लक्षात आली असेल.

दुसरी गोष्ट, मोठ्या डोसाचा मार जास्त. ४ ग्रे एकदम दिले तर शेजारच्या अवयवाला ते २-२ ग्रेच्या दोन डोसांहून जड जातात. म्हणून मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे डोसाचा हिशेब करणारे तज्ज्ञ, सगळे डोस '२ ग्रेच्या भाषेत' आणून मग बेरीज करतात. अवयवाचा मोजण्याचा भागही ठरलेला आहे : सर्वांत जास्त डोस मिळालेले २ घन सेंटीमीटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही नाही एवढी भिंत. गुदाशयाच्या त्या तुकड्याला चारही वेळा ४ ग्रे गेले, तर बाहेरचे धरून बेरीज ६५.६. आणि चारही वेळा ५ ग्रे गेले, तर ७५.२. दर खेपेला फक्त एक ग्रे वाढला आणि बेरीज दहानं वर गेली! ६५ पर्यंत त्रास बहुधा सौम्य राहतो, ७५ च्या वर भोक पडण्याचा धोका उघड वाढतो. सगळी धडपड या एका ग्रेसाठी आहे. सिग्मॉइडसाठी ७० चं लक्ष्य आणि ७५ ची मर्यादा धरतात. मूत्राशय जास्त सोशीक, त्याचं लक्ष्य ८० आणि मर्यादा ९०. बाहेरून ४५ ऐवजी ५० दिले असतील तर या खात्यातले पैसे आधीच जास्त खर्च झालेले असतात, आतून देताना तेवढी जागा कमी उरते.

आता मंगळवारी काय होईल ते सांगतो.

कमरेखाली सुन्न करणारी स्पायनल भूल किंवा पूर्ण भूल देतात. भूल फक्त वेदनेसाठी नसते. स्नायू सैल पडल्याशिवाय योनीत पुरेशी जागा होत नाही, आणि जागा झाली नाही तर अंतरही मिळत नाही. लघवीची नळी घालतात, नळीच्या टोकाचा फुगा ७ मिलि पाण्यानं भरतात. त्यात फोटोत उठून दिसणारं औषध मिसळलेलं असतं. मग गर्भपिशवीची लांबी मोजून तिच्यात एक बारीक, थोडी बाकदार नळी सारतात. तिला टँडम म्हणतात. ती पुढच्या बाजूला वळलेली असते आणि गर्भपिशवीला आपल्याबरोबर सरळ मध्यावर धरते, गुदाशयापासून दूर. इथे पहिली चूक होऊ शकते : गर्भपिशवी मागे कललेली असेल किंवा गाठीमुळे तोंड सापडत नसेल, तर नळी वाट चुकून भिंतीतून बाहेर जाते आणि तिचं टोक थेट आतड्याशेजारी येतं. पोटावर सोनोग्राफी धरून नळी सारली तर हे बऱ्याच अंशी टळतं. तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच : नळी घालताना सोनोग्राफी लावता का?

टँडमच्या दोन्ही बाजूंना तोंडाला टेकून दोन गोळे बसवतात, ओव्हॉइड. काही ठिकाणी त्यांच्या जागी एक कडं असतं, रिंग. मावतील तेवढे मोठे गोळे घ्यायचे, कारण गोळ्याची जाडी म्हणजेच योनीच्या त्वचेपासून दाण्याचं अंतर. लहान गोळे घातले की त्वचेला डोस एकदम वाढतो.

आणि मग येतं पॅकिंग. आमच्या मते शेजारचे अवयव सांभाळण्याचं निम्मं काम इथे होतं, आणि ते हातानं होतं. लांबच लांब गॉजपट्टी सलाइनमध्ये किंवा जंतुनाशकात भिजवून, घडी घालत योनीत भरतात. थोडी समोर, म्हणजे गोळे आणि मूत्राशयाच्या मध्ये, आणि बरीच मागे, म्हणजे गोळे आणि गुदाशयाच्या मध्ये. भिजवायची कारणं दोन : कोरडी पट्टी त्वचेला खरचटते, आणि तिच्यात हवेच्या पोकळ्या राहून ती नंतर दबते. पट्टीत बहुधा फोटोत दिसणारा धागा असतो, त्यामुळे ती नेमकी कुठे बसली ते कळतं.

पॅकिंग बिघडतं ते तीन प्रकारांनी. ढिलं राहिलं तर भिंती परत जवळ येतात. मागे कमी आणि समोर जास्त झालं तर अख्खं साधन मागे ढकललं जाऊन गुदाशयावर टेकतं. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट : पट्टी गोळ्यांच्या वर, गोळा आणि गाठीच्या मधल्या फटीत गेली तर गोळे खाली सरकतात. मग गाठीला डोस कमी आणि आतड्याला जास्त, दोन्हीकडून नुकसान. म्हणून चांगला डॉक्टर गोळे तोंडाला घट्ट टेकवून धरतो आणि मगच पट्टी भरतो, गोळ्यांच्या मागे आणि खाली. रिंग वापरणाऱ्या काही ठिकाणी मागच्या बाजूला चमच्यासारखी पट्टी लावून गुदाशय मागे सारतात. तीही चालते, मात्र ती नीट मध्यावर बसायला हवी. घातलेल्या पट्ट्या मोजून लिहितात, काढताना तेवढ्याच निघाल्या का ते बघतात. हे तुम्ही खुशाल विचारा, कुणी रागावणार नाही.

मग सीटी स्कॅन, शक्य असेल तिथे निदान पहिल्या वेळी एमआरआय. गाठीचं उरलेलं टोक कुठवर आहे ते एमआरआयवर जास्त स्पष्ट दिसतं. पूर्वी समोरून आणि बाजूनं असे दोनच एक्स-रे काढत, मूत्राशय आणि गुदाशयावर एकेक बिंदू धरून तेवढ्यावर हिशेब चाले. १९८५ पासून जगभर तीच पद्धत होती. बिंदू सुरक्षित असायचा आणि दोन सेंटीमीटरवरची भिंत नसायची. २००५-०६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी अख्खी गाठ आणि अख्खे अवयव स्कॅनवर रेखून डोस मोजायचा आराखडा दिला. तो वापरून २००८ ते २०१५ मध्ये उपचार झालेल्या १३४१ बायकांच्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही ९२ टक्के बायकांमध्ये मूळ जागेची गाठ आटोक्यात होती. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉक्टरही त्या अभ्यासात सहभागी होते.

स्कॅन झाल्यावर तास-दोन तास, कधी जास्त, आईंना तसंच पडून राहावं लागेल. बाहेर तुम्हाला वाटेल, नुसतं ताटकळत ठेवलंय. त्या वेळात संगणकावर गाठ आणि चारही अवयव रेखले जातात. दाणा नळीत दर अडीच किंवा पाच मिलिमीटरला थांबतो. कुठे किती सेकंद थांबायचं ते फिजिसिस्ट ठरवतात. सिग्मॉइड गर्भपिशवीच्या माथ्यावर येऊन बसला असेल तर टँडमच्या टोकाचे थांबे कमी करतात. गुदाशय जवळ असेल तर गोळ्यांतले सेकंद कापतात. कापताना गाठ उपाशी राहत नाही ना, तेही तपासतात. गाठ एका बाजूला लांबवर पसरलेली असेल तर गोळ्यांच्या जोडीला बारीक सुया घालतात. त्यांच्यामुळे डोस त्या बाजूलाच वाढवता येतो, गुदाशयाकडे न वाढवता.

या मधल्या वेळात तीन गोष्टी बिघडतात आणि तिन्हींत तुमचा-आईंचा हात आहे. एक, हलणं. उठून बसलं, कूस वळली, स्ट्रेचरवरून ओढून घेतलं, की साधन काही मिलिमीटर खाली सरकतं. बेत आखला एका जागेसाठी, डोस पडला दुसऱ्या जागी. आईंना सांगा, बोटं हलवा, हात हलवा, पण कंबर उचलायची नाही. काही हवं असेल तर हाक मारा. दुखत असेल तर सोसू नका, दुखण्यानं माणूस नकळत आवळून धरतो आणि पॅकिंग सरकतं. औषध मागा. दोन, आतड्यातला वायू. सीटीच्या वेळी गुदाशय रिकामा होता आणि दोन तासांनी वायूनं फुगला, तर त्याची पुढची भिंत दाण्याकडे सरकते. पोट फुगल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायला लावा. बारीक नळीनं वायू काढता येतो. तीन, लघवीची पिशवी. तिचं नीट सांगायला हवं.

पिशवी पूर्ण रिकामी बरी की भरलेली? दोन्हींचे फायदे-तोटे आहेत. भरलेली पिशवी लहान आतडं आणि सिग्मॉइडला वर ढकलते, ते चांगलं. पण तिची स्वतःची भिंत ताणून गाठीभोवती पसरते आणि तिचा डोस वाढू शकतो. म्हणून बरीच रुग्णालयं एक ठरावीक माप धरतात, कुठे ५० मिलि, कुठे १०० मिलि. नळीतून पिशवी रिकामी करून तेवढं सलाइन भरायचं, मग स्कॅन. आणि डोसाच्या आधी परत रिकामी करून परत तेवढंच. माप कोणतं यापेक्षा स्कॅनच्या वेळी आणि डोसाच्या वेळी ते सारखं असणं महत्त्वाचं. नळी मुडपली किंवा चिमटा राहून गेला तर दोन तासांत पिशवी तीनशे-चारशे मिलिपर्यंत भरते आणि आखलेला सगळा बेत कागदावर राहतो. लघवीच्या पिशवीत, म्हणजे बाहेर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या, लघवी उतरते आहे का यावर नजर ठेवा. उतरत नसेल तर सिस्टरना सांगा, पण चिमटा तुम्ही हातानं काढू नका, तो मुद्दाम लावलेला असू शकतो.

डोस प्रत्यक्षात पाच ते पंधरा-वीस मिनिटं चालतो. इरिडियमचा जोर ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणून दाणा जुना असेल तर मिनिटं जास्त लागतात. डोस तोच असतो, वेळ वाढली म्हणून घाबरू नका. काही रुग्णालयांत कोबाल्ट असतं, तेही चांगलं.

आता घरची तयारी, आणि ती रविवारपासूनच. गुदाशय रिकामा असणं ही निम्मी लढाई. सोमवारी दिवसभर मऊ भात, मुगाचं पातळ वरण, खिमट, ताक. हरभरा, वाटाणा, मटकी, राजमा, कोबी, फ्लॉवर, मुळा, कच्ची कोशिंबीर हे सगळं दोन दिवस बंद. पाच आठवड्यांच्या बाहेरच्या रेडिएशननंतर बऱ्याच बायकांना दूध पचत नाही, त्यानं पोट फुगतं. तसं असेल तर दूधही नको. एनिमा रुग्णालयात देतील किंवा रात्री घरी घ्यायला सांगतील. आईंना जुलाब होत असतील तर आपल्या मनानं जुलाब थांबवायची गोळी किंवा इसबगोल देऊ नका, आधी फोन करून विचारा. जेवण भुलेच्या सहा तास आधी बंद, साधं पाणी भूलतज्ज्ञ सांगतील त्या वेळेपर्यंत, बहुधा दोन तास आधीपर्यंत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असतील तर आजच कळवा. स्पायनल भुलेसाठी त्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचं कोणती घ्यायची, कोणती नाही, ते लिहून घ्या.

जोडवी, बांगड्या, नथ, मंगळसूत्र घरीच उतरवा. एमआरआयला धातू चालत नाही, आणि घट्ट बसलेली जोडवी ऐन वेळी निघत नाहीत. आदल्या रात्री तेल लावून काढून ठेवा.

डॉक्टरांना आणखी एक सांगायचं असतं आणि ते हमखास राहून जातं : पोटावर आधी झालेली ऑपरेशनं. सिझर, मूल न होण्याचं ऑपरेशन, अपेंडिक्स. आत चिकटपणा राहिला असेल तर आतड्याचा वेटोळा एकाच जागी अडकलेला असतो. पिशवी भरून तो सरकत नाही आणि चारही वेळा तोच तुकडा मार खातो. हे आधी माहीत असलं तर त्या जागेचे सेकंद पहिल्यापासून कापता येतात. आई मिश्री लावत असतील किंवा घरात कुणी त्यांच्याजवळ विडी ओढत असेल तर तेही बंद करा. धूम्रपान करणाऱ्या बायकांमध्ये रेडिएशननंतर मूत्राशयाचा आणि आतड्याचा त्रास जास्त दिसतो.

दुसऱ्या खेपेला जाताना एवढं विचारा : मागच्या वेळी मूत्राशय, गुदाशय आणि सिग्मॉइडला किती गेले, बेरीज कुठवर आली, आणि या वेळी नवीन स्कॅन काढणार का? गाठ दर आठवड्याला आकसते, साधन दर वेळी थोडं वेगळं बसतं, आतडं तर रोज जागा बदलतं. पहिल्याच स्कॅनवर चारही डोस दिले तर पुढच्या तीन वेळचं कुणी पाहिलेलं नसतं. दर वेळी नवा बेत आखणं शक्य नसेल, तर निदान साधन आणि अवयव जागेवर आहेत हे डोसाआधी तपासा म्हणावं. चारी डोस संपल्यावर बेरजेचा कागद मागून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

त्या कागदाची गरज पुढे दोन-तीन वर्षांत लागू शकते, आणि इथे काकूंकडे परत येतो. शौचावाटे रक्त दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो मूळव्याध. मग कुणीतरी इंजेक्शन देतो, रबर बँड लावतो, क्षारसूत्र बांधतो. किरण लागलेल्या गुदाशयाला हे सोसत नाही. जखम भरत नाही, खोल जाते आणि योनीपर्यंत वाट पडते. दुर्बिणीनं तपासणारे डॉक्टरही सवयीनं पुढच्या भिंतीचा तुकडा काढतात, त्यानंही हेच होतं. आईंना रक्त दिसलं तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जा. दुर्बीण जरूर करा, पण 'गर्भपिशवीच्या तोंडाला आतून रेडिएशन झालं आहे, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढू नका' असं आधीच, मोठ्यानं सांगा. फारच संशय असेल तर तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी बोलून घ्यावा. थोडं रक्त बहुधा बद्धकोष्ठ टाळून आणि सुक्राल्फेट या औषधाच्या एनिमानं थांबतं. न थांबल्यास आर्गॉन वायूच्या साहाय्यानं त्या जाळीदार वाहिन्या बंद करता येतात. लघवीत रक्त तर काही वर्षांनीही दिसू शकतं, त्याचंही असंच.

शेवटच्या डोसानंतर दोन ते चार आठवड्यांनी डॉक्टर योनी आकसू नये म्हणून डायलेटर (योनीत घालायची गुळगुळीत दांडी) वापरायला सांगतील, आठवड्यात दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. 'आता या वयात कशाला' असं आई म्हणतील. योनी चिकटून बंद झाली तर पुढची तपासणीच करता येत नाही आणि गाठ परत आली तर उशिरा कळतं, हे कारण त्यांना सांगा. बोलायला संकोच वाटला तर सिस्टरना सांगायला लावा.

आणि नातू. डोस संपला की दाणा तारेबरोबर यंत्राच्या तिजोरीत परत जातो, साधन आणि पट्ट्या काढतात, आईंच्या अंगात किरणांचा कणही उरत नाही. पूर्वी सिझियम आत ठेवून बायकांना एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवत, ती भीती गावात अजून फिरते. ही पद्धत तशी नाही. त्याच रात्री बाळाला कुशीत घेऊन झोपलं तरी चालेल. फक्त त्या दिवशी थोडं रक्त जाईल, लघवीला जळजळेल, कंबर अवघडलेली असेल, तेव्हा पोरगं आजीच्या पोटावर उड्या मारणार नाही एवढं बघा.